बाथचं ऊन पाणी

इंग्लंडात घर मांडून दोन वर्षं झाली की प्रत्येक मराठी कुटुंबाला बाथची वारी घडतेच. देशातून आई-वडील आले की पहिल्या शनिवारी लंडन, दुसऱ्या शनिवारी स्ट्रॅटफर्ड आणि तिसऱ्या शनिवारी एकाच दिवसात स्टोनहेंज आणि बाथ, हा क्रम जणू व्हिसाबरोबरच छापून येतो. आम्ही रेडिंगचे. एम फोर पकडायचा, अठरा नंबरच्या जंक्शनला उतरायचं, लॅन्सडाउनच्या पार्क अँड राइडमध्ये गाडी लावून बस धरायची. असे आम्ही चार वेळा जाऊन आलो होतो. चारही वेळा पाहुण्यांचे फोटो काढले, डबा खाल्ला आणि परत आलो.

पाचव्यांदा गेलो ते २०२३ च्या ऑक्टोबरात, हाफ-टर्मच्या सुट्टीत. वाईहून सासूबाई आल्या होत्या. आमची लेक चौदा वर्षांची. तिला यायचं नव्हतंच, पण आजी येते म्हटल्यावर आली. या खेपेला एक रात्र मुक्काम करायचं ठरलं, आणि तो मुक्काम पोटदुखीच्या निमित्तानं ठरला होता.

सौ.ला क्रोन्सचा आजार आहे. हे वाक्य छापावं की नाही, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. मंडळाच्या गणपतीत आपण रक्तदाब, साखर आणि गुडघे यांबद्दल प्रसादाची रांग संपेपर्यंत बोलतो. आतड्याचं नाव निघालं की मात्र आवाज खाली येतो, आणि 'जरा पित्ताचा त्रास आहे' एवढ्यावर विषय संपतो. शेवटी सौ.च म्हणाली, "लिही. निदान कोणीतरी माझ्यासारखं तीन वर्षं पोट शेकत बसणार नाही." तेव्हा हा लेख तिच्या परवानगीनं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बरिल क्रोन या अमेरिकन डॉक्टरनं आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९३२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव पडलं. यात आतड्याला सूज येते, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, पण कुठंही येऊ शकते. ती सूज आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. काही महिने बरे जातात, मग पुन्हा उसळी येते. समूळ बरा करणारा उपाय आजही नाही. औषधांनी तो ताब्यात ठेवता येतो. आणि दुखणं? सौ.च्या शब्दांत सांगायचं तर "कोणीतरी आतून ओला टॉवेल पिळतंय."

या पिळण्यावरचा आमच्या घरचा सगळ्यात जुना इलाज म्हणजे रबरी गरम पाण्याची पिशवी. तिला लोकरीचं अंगरखं आहे, सासूबाईंनीच विणलेलं. पासपोर्ट विसरू, पण ती पिशवी विसरत नाही. तिच्या जोडीला आणखी दोन वस्तू असतात. एक 'कान्ट वेट' कार्ड. क्रोन्स अँड कोलायटिस यूके ही संस्था ते आपल्या सभासदांना देते, दुकानात ते दाखवलं की बहुतेक लोक प्रश्न न विचारता स्वच्छतागृहाकडे बोट दाखवतात. दुसरी रडार किल्ली. देशभरातली कुलुपबंद अपंग-स्वच्छतागृहं तिनं उघडतात. प्रवासात सर्व्हिसेस कुठं आहेत हे आम्हांला कुठल्याही ट्रकवाल्याइतकं पाठ आहे.

तर अशा सरंजामानं आम्ही बाथला पोचलो.

रोमन स्नानगृहात शिरलं की आधी वरच्या गच्चीवरून खालचा हिरवागार हौद दिसतो. पाण्यावर वाफ तरंगत असते. सासूबाई कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली वज्रेश्वरी!"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तानसेच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे ही सगळी आपल्याकडची उन्हाळी, आणि जिथं जमिनीतून ऊन पाणी येतं तिथं देवाचं ठाणं हे ठरलेलंच. इथंही तेच झालं. झऱ्याची मूळची देवी सुलिस. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून टाकलं आणि गावाला नाव दिलं अक्वे सुलिस. भाविकांनी शिशाच्या पातळ पत्र्यांवर गाऱ्हाणी कोरून झऱ्यात टाकली. त्यातले सुमारे १३० पत्रे सापडलेत. बहुतेकांत चोराला शाप आहेत. कोणाची अंगरखी गेली, कोणाचे पैसे गेले. लेक म्हणाली, "आजी, म्हणजे देवाला ई-मेल!"

आता थोडं इंजिनिअरिंग सहन करा. या झऱ्यातून दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी येतं, ४६ अंश सेल्सिअसचं. हे पाणी म्हणजे दक्षिणेकडच्या मेंडिप टेकड्यांवर फार पूर्वी पडलेला पाऊस. चुनखडीतून झिरपत तो २,७०० ते ४,३०० मीटर खोल जातो, तिथं ६९ ते ९६ अंशांपर्यंत तापतो आणि खडकातल्या भेगांतून दाबानं वर येतो. आम्ही गच्चीवरच हिशेब केला. दहा अंशांचं पावसाचं पाणी ४६ अंशांवर न्यायचं तर सुमारे दोन मेगावॅट उष्णता लागते. म्हणजे घरातल्या तीन किलोवॅटच्या साडेसहाशे किटल्या, रात्रंदिवस, दोन हजार वर्षं! शेजारच्या बाथ ॲबीनं अलीकडे याच सांडपाण्यातली ऊब पंपांनी काढून देवळाची फरशी तापवायला घेतली आहे. सासूबाईंनी हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "आणि बिल कोण भरतं?"

फेरीच्या शेवटी हे पाणी चाखायला मिळतं. कोमट, जड, लोखंडी चवीचं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि पेला हळूच ठेवून दिला. "तवा धुतलेलं पाणी," असा निकाल.

पण आम्हांला अडकवून ठेवलं ते खालच्या मोठ्या हौदानं. पाणी पारदर्शक नसतं म्हणून तळ दिसत नाही, पण तिथल्या माहितीत सांगितलं जातं की तळाशी शिशाचे ४५ पत्रे आहेत. रोमनांनी अंथरलेले, अजून जागच्या जागी आहेत. शिसंही मेंडिपचंच, पाणीही मेंडिपचंच. जवळच शिशाचा नळही दिसतो. प्लंबर हा शब्द लॅटिनमधल्या शिशावरून, 'प्लंबम'वरून आला, हे कॉलेजात कोणीतरी सांगितलं होतं. त्याचा पुरावा इथं जमिनीवर पडलेला आहे. या पाण्यात आज हात घालू देत नाहीत. त्याला कारणं बरीच आहेत, आणि त्यातलं एक शिसं.

शिसं आणि पोटदुखी यांची बाथमधली गोष्ट मोठी मजेची आहे. मजेची म्हणजे ऐकायला, भोगणाऱ्यांना नव्हे.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात एक विचित्र पोटशूळ पसरला होता. 'डेव्हनशर कॉलिक' असंच त्याचं नाव. पोटात भयंकर कळा, घट्ट बद्धकोष्ठ, आणि दुखणं जुनं झालं की मनगटं लुळी पडायची. माणूस महिनोन् महिने कण्हत राहायचा. या रोग्यांना डॉक्टर बाथला पाठवत. धनवंत लोक भाड्याच्या घरांत उतरत. गरिबांसाठी इथं एक धर्मादाय रुग्णालय उभं राहिलं. १७३८ मध्ये बांधायला घेतलं, १७४२ मध्ये उघडलं. (१७३९ मध्ये आपल्या चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं. उन्हाळ्यांचा हा काळ दोन्हीकडे जोरात होता म्हणायचा!) नकाशा जॉन वुडचा, दगड राल्फ ॲलनच्या खाणीतला, वैद्यकी डॉक्टर विल्यम ऑलिव्हरची. गरीब रोग्याला भरती होताना काही अनामत ठेवावी लागे, बरा झाला तर घरी जायच्या भाड्याला आणि नाही झाला तर पुरायच्या खर्चाला. विल्यम होअर या चित्रकारानं १७६१ साली काढलेल्या चित्रात डॉक्टर ऑलिव्हर आणि त्यांचे सर्जन मित्र रोगी तपासताना दिसतात.

हे रोगी जाड कॅनव्हासचे कपडे घालून किंग्ज बाथमध्ये गळ्यापर्यंत बसत. (रोमनांचा शिसेरी हौद त्या काळी जमिनीखाली गाडलेला होता, तो उकरला गेला १८८० च्या आसपास.) तासन् तास, आठवड्यांमागून आठवडे. आणि गंमत म्हणजे त्यांतले पुष्कळ सुधारत! कळा कमी होत, काहींच्या हातांत जीव येई. साहजिकच श्रेय पाण्याला मिळालं. लोक म्हणत, पाण्यात गंधक आहे, लोह आहे, देवाची कृपा आहे.

मग १७६७ साली जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरनं एक साधा प्रश्न विचारला. मुळात हे पोट दुखतं कशानं? बेकर स्वतः डेव्हनचाच. त्यानं पाहिलं की हिअरफर्ड, ग्लॉस्टर, वुस्टर या परगण्यांतही लोक भरपूर सायडर पितात, पण तिथं हा शूळ नाही. फरक कुठं? डेव्हनमध्ये सफरचंद चिरडायच्या दगडी यंत्रांचे सांधे शिशानं भरलेले होते. आंबट रसात ते शिसं उतरत होतं. त्यानं रसायनांनी तपासून डेव्हनच्या सायडरमध्ये शिसं दाखवून दिलं. डेव्हनच्या लोकांना हे मुळीच रुचलं नाही. आपल्या गावच्या धंद्यावर शिंतोडे उडवले म्हणून ते त्याच्यावर चिडले. पण हळूहळू यंत्रांतलं शिसं गेलं आणि शूळही गेला.

आणि पाणी? त्याचाही उलगडा झाला, पण विसाव्या शतकात. १९८० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी माणसांना गळ्यापर्यंत पाण्यात बसवून तपासण्या केल्या. पाण्याच्या दाबानं पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं जोरात कामाला लागतात. त्या लघवीतून शिसंही नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतं, हे शिशाशी काम करणाऱ्या कामगारांवर मोजून पाहिलं गेलं. म्हणजे बाथच्या पाण्यानं ती माणसं खरोखर सुधारत होती. पण सुधारून घरी जायची, सायडर प्यायची आणि पुन्हा कळवळायची.

आम्ही हे सगळं सासूबाईंना मराठीत समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे शेकून बरं वाटत होतं, पण दुखणं हांडीतच होतं." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. का गप्प झाल्या ते रात्री कळलं.

इथंच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपल्या घरांतली आहे. शिशाला आपल्या वैद्यकात 'नाग' म्हणतात, आणि नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. पारंपरिक शेंदूर हेही शिशाचं ऑक्साइड. २००४ साली बॉस्टन भागातल्या दुकानांत मिळणारी दक्षिण आशियाई बनावटीची ७० आयुर्वेदिक औषधं अमेरिकन संशोधकांनी तपासली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा सोमल धोकादायक प्रमाणात निघाला. सौ.च्या पोटासाठीही एका हितचिंतकानं देशातून एक बिननावाची पुडी पाठवली होती. हेतू चांगलाच होता. आम्ही ती न उघडता ठेवून दिली, एवढंच.

संध्याकाळी आम्ही दोघं थर्मे बाथ स्पामध्ये गेलो. १९७८ साली इथल्या जुन्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वरानं मृत्यू झाला, आणि सार्वजनिक स्नान बंद पडलं. नंतर नव्यानं खोल बोअर घेऊन स्वच्छ पाणी मिळवलं गेलं आणि २००६ साली हा नवा स्पा उघडला. सौ. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेते, म्हणून जाण्याआधी तिनं आपल्या स्पेशालिस्ट नर्सला फोन करून विचारलं होतं. सोळा वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. सासूबाईंनी "या वयात मी ते कपडे घालायची नाही," असं जाहीर केलं. तेव्हा आजी आणि नात गावात बन खायला गेल्या.

गच्चीवरच्या तलावात आम्ही उतरलो तेव्हा अंधारत होतं. समोर ॲबीचा मनोरा, बाहेर आठ-दहा अंशांची थंडी आणि पाणी साडेतेहतीस अंशांच्या आसपास. सौ. पाठीवर पडून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अरे, पोट आहे हेच विसरायला झालं."

इंजिनिअरच्या डोक्यात लगेच शंका. साडेतेहतीस अंश म्हणजे शरीरापेक्षा कमी. मग ही ऊब पिशवीसारखी काम करते तरी कशी? उत्तर असं की दोन्ही ऊब वेगवेगळ्या आहेत. तलावातल्या पाण्यात अंगाचा भार जातो, आवळलेलं पोट सैल पडतं, माणूस निवांत होतो. ते सुख वेगळं. पिशवीचं काम मात्र चाळिसाच्या वर सुरू होतं. कातडीतल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी छोटी दारं असतात. त्यांतलं एक महत्त्वाचं दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली शोधलं. २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पाटापूटियन यांना मिळालं. २००६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले ब्रायन किंग यांनी असं मांडलं की चाळीस अंशांवरची ऊब ही दारं उघडते आणि त्यामुळे वेदनेचा निरोप पोचवणारी दुसरी दारं बंद पडतात. त्याखेरीज मेल्झॅक आणि वॉल यांचा १९६५ चा 'गेट' सिद्धान्त आहेच: कातडीवरून येणारे दुसरे निरोप मज्जारज्जूच्या फाटकातच वेदनेची वाट अडवतात.

इथं एक गैरसमज काढायला हवा. पिशवीची ऊब आतड्यापर्यंत फारशी पोचतच नाही. कातडी आणि चरबी इन्सुलेशनचं काम करतात, आणि वाहतं रक्त उरलेली उष्णता घेऊन जातं, गाडीच्या रेडिएटरसारखं. म्हणजे शेकण्यानं आतड्याची सूज उतरत नाही. निरोप तेवढा अडतो. तोही तासाभरापुरता.

तो निरोप त्याच रात्री आला.

जेवणात काय बाधलं कोण जाणे. कधी कधी काहीही बाधत नाही, आजाराची लहर असते. रात्री दीड वाजता बी अँड बीच्या खोलीत सौ. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. ताप नाही, उलटी नाही, पोट कडक नाही; नेहमीचीच कळ. नर्सनं सांगितलेली गोळी घेऊन झाली. आम्ही किटली लावली. शेजारच्या खोलीतून सासूबाई उठून आल्या आणि आमच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"उकळतं नको घालू," सौ. म्हणाली.

"मला शिकवतेस का?" सासूबाई म्हणाल्या, आणि उकळलेल्या पाण्यात नळाचं थंड पाणी घालून पिशवी दोन तृतीयांश भरली, दाबून हवा काढली, बूच लावलं आणि वर टॉवेल गुंडाळला. मग लेकीच्या पायाशी बसून, वाईच्या घरी चुलीत वीट तापवून ती फडक्यात कशी गुंडाळायची, ओवा आणि जाडं मीठ तव्यावर परतून पुरचुंडी कशी करायची, हे नातीला सांगत राहिल्या. नात जागीच होती; अशा रात्री ती नेहमीच जागी असते, आणि आम्हांला ते कळत नाही असं तिला वाटतं.

अर्ध्या तासानं कळ ओसरली. सासूबाईंनी पिशवी काढून बाजूला ठेवली आणि एकदम म्हणाल्या, "कॉलेजात होतीस तेव्हा महिन्यातून दोनदा तुझं पोट शेकत होते गं मी. बायकांना होतंच, म्हणायचे. एकदा तरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

"आई, तेव्हाचं दुखणं हेच होतं असं कोण सांगणार? आणि तू शेकलंस म्हणून तर मी परीक्षा दिल्या."

"ते झालं. पण विचारलं नाही ना मी."

खोलीत कोणीच बोललं नाही. खरं सांगायचं तर दोष द्यायचाच असेल तर तो आमचा. २०११ पासून सौ.चं पोट दुखत होतं. आम्ही दोघं शिकलेले, दवाखाना दहा मिनिटांवर, तोही फुकट. पण लेक लहान, नोकऱ्या नव्या, आणि पिशवी घेतली की बरं वाटायचं. मग कशाला जायचं? वाढदिवसाला आम्ही तिला विजेवर चालणारी शेकायची गादी भेट दिली होती! वजन घटत गेलं तर मैत्रिणी म्हणाल्या, काय छान बारीक झालीस. २०१४ मध्ये ती शेवटी तपासायला गेली तेव्हा नर्सनं पोटावरचा कपडा बाजूला केला आणि थबकली. पोटाच्या कातडीवर तपकिरी जाळी उमटली होती, मासे धरायच्या जाळ्यासारखी. रोज रोज शेकल्यानं अशी जाळी पडते. इंग्रजी डॉक्टर तिला लॅटिन नावानं ओळखतात, 'एरिथेमा अब इग्ने', म्हणजे विस्तवामुळे आलेली लाली. काश्मिरात फेरनखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटामांड्यांवर हीच जाळी दिसते आणि वर्षानुवर्षांनी क्वचित तिथं कातडीचा कॅन्सरही होतो.

नर्सनं फक्त एवढंच विचारलं, "किती वर्षं शेकताय?"

"तीन."

"म्हणजे तीन वर्षं दुखतंय."

हे वाक्य आमच्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. त्यानंतर विष्ठेची तपासणी, दुर्बीण, एमआरआय आणि निदान, सगळं दोन महिन्यांत झालं. आतड्याचा एक भाग तोवर अरुंद झाला होता. आधी आलो असतो तर कदाचित झाला नसता. 'कदाचित'वर आम्ही फार वेळ घालवत नाही, पण तो शब्द घरात आहे.

सकाळी सौ. बरी होती. परतीच्या बसकडे जाताना आम्ही अप्पर बरो वॉल्सवरच्या त्या जुन्या रुग्णालयासमोर थांबलो. २०१९ साली रुग्णालय गावाच्या कडेला मोठ्या इस्पितळाच्या आवारात गेलं. जुनी दगडी इमारत तेवढी उभी आहे. सासूबाईंनी तिला हात जोडले. लेकीनं विचारलं, "आजी, हे देऊळ नाहीये." त्या म्हणाल्या, "माहीत आहे गं मला."

वाचकांतल्या ज्यांच्या घरी अशी पिशवी आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव शेवटी मांडतो. डॉक्टरचा सल्ला घ्यायचा तो घ्याच.

शेकायला हरकत नाही. ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे सूज नसून आतड्याच्या चालीचा बिघाड आहे, त्यांना तर शेक हा मोठाच आधार. मात्र पाणी उकळतं नको, पिशवी उघड्या कातडीवर नको, अर्ध्या तासावर नको, आणि घेऊन झोपायचं नाही. रबर जुनं होतं, चिरलं की फेकायची. कातडीवर जाळी दिसू लागली तर शेक थांबवून दाखवून यायचं. वेळेवर थांबलं तर ती बहुधा पुसट होते.

अचानक उठलेली तीव्र कळ, ताप, उलट्या, कडक झालेलं पोट असेल तर शेकत बसू नका, इस्पितळ गाठा. आणि पोट रात्री झोपेतून उठवत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, कित्येक आठवडे शौचाची सवय बदललेली असेल, तर जीपीकडे जा आणि लाजू नका. सूज आहे की नाही याचा अंदाज देणारी विष्ठेची एक साधी तपासणी असते, कॅलप्रोटेक्टिनची. तिचं नाव घेऊन विचारा.

सौ. आता दर दोन आठवड्यांनी स्वतःच इंजेक्शन घेते, कामावर जाते, मंडळाच्या कोजागरीला मसालादूध सोडून बाकी सगळ्याला हजर असते. पिशवीही आहेच. फरक एवढाच की घरात तिनं पिशवी मागितली की आम्ही आधी किटली लावतो आणि पाणी तापेपर्यंत विचारतो, "कधीपासून दुखतंय?" ती सांगते, आणि लेक ते फ्रिजवरच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवते.

सासूबाई परत वाईला गेल्या. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाल्या की शेजारची एक सून सारखी पोट शेकत असते. आम्ही विचारलं, मग?

"मग काय, तिला घेऊन गेले डॉक्टरकडे. कुरकुरली, पण आली."